उजव्या कानाचे माप

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी विनता नेहमीप्रमाणे पावणेसहाला उठली. नळाला पाणी सहा ते सात येत असे. तेवढ्या वेळात तिने पिण्याचे पाणी भरले, दोन बादल्या भरून ठेवल्या, भिजवलेली मटकी उपसून फडक्यात बांधली आणि चहा टाकला. सात वाजता तिचे पती चिंतामणी मफलर गुंडाळून सिविल लाइंसच्या बाजूला फिरायला गेले. ते सव्वाआठच्या आत परतत नसत. समोरच्या घराच्या दुरुस्तीची ठोकाठोक नऊला सुरू होई. म्हणजे सात ते सव्वाआठ घरात शांतता असे, आणि गेली सहा वर्षे हा वेळ विनताने ऐकण्यासाठी राखून ठेवला होता. तिने खिडकी लावली, टेबलावर वही, पेन्सिल आणि छापील पत्रक मांडले, इअरफोन कानांत घातले आणि मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण सुरू केले.

जबलपुरातले मराठी मंडळ अंध श्रोत्यांसाठी बोलक्या पुस्तकांचे एक छोटे ग्रंथालय चालवत होते. जबलपूर, बालाघाट, छिंदवाडा आणि नागपूर मिळून सत्तर-ऐंशी माणसे ही पुस्तके फोनवर ऐकत. त्यांत नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करणारी मुलेमुलीही होती. पुस्तके वाचून देणारे सगळे आपखुशीने काम करत. नव्या वाचकाने आधी वीस मिनिटांचा नमुना पाठवायचा आणि तो घ्यावा की नाही हे परीक्षकाने पत्रकावर लिहायचे, अशी पद्धत होती. पूर्वी परीक्षक दोन असत. दुसरे मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून विनता एकटीच उरली होती. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेली बाई पक्षपात करणार नाही, असे मंडळाचे कार्यवाह हेमचंद्र चारचौघांत सांगत. नमुन्यांवरची नावे काढून त्यांना क्रमांक देण्याची रीतही त्यांनीच घातली होती.

त्या सकाळी वाचक क्रमांक नऊचा नमुना होता, तिसरा. पहिला ऑगस्टमध्ये आला होता, दुसरा नोव्हेंबरमध्ये. दोन्हींवर विनताने ‘अस्वीकार’ लिहिले होते. आवाज पोकळ आहे, सकार, म्हणजे ‘स’चे उच्चार, शिट्टीसारखे टोचतात, असे तिने नोंदवले होते. नोव्हेंबरच्या पत्रकात तिने एक वाक्य जास्तीचे घातले होते: ‘हे दातांमुळे असू शकेल, एकदा दाखवून घ्यावे.’ नुसता नकार देण्यापेक्षा काही उपयोगाचे सांगावे, एवढाच तिचा हेतू होता. तिसऱ्यांदा अस्वीकार झाला की वाचकाचे नाव यादीतून कायमचे कमी होत असे. श्रोत्यांचा आणि परीक्षकाचा वेळ वाचावा म्हणून हा नियम केलेला होता, आणि तो तिला तेव्हा योग्य वाटला होता. पत्रक शनिवारी दुपारपर्यंत द्यायचे होते.

चार-पाच मिनिटांत तिचे मत बनत आले. तोच पोकळपणा, तेच टोचणे. शिवाय या वेळी वाचणारा शब्दाशब्दाला थांबत होता. तिने ‘आवाज’ या रकान्यात ‘पोकळ’ असे लिहिले आणि उजव्या कानातला इअरफोन जरा सैल वाटला म्हणून बाहेर ओढला. इअरफोन हातात आला. त्याच्या टोकाचे मऊ रबर मात्र कानातच राहिले.

करंगळीने ते निघाले नाही, उलट आत गेले. चिंतामणी परत येईपर्यंत ती मान एका बाजूला कलती करून बसून राहिली. त्यांनी तिला खिडकीपाशी उजेडात बसवले, चिमटा आणला आणि चष्मा कपाळावर चढवून हलक्या हाताने ते रबर बाहेर काढले.

“चौतीस वर्षं माझं बोलणं या कानात शिरत नाही,” ते म्हणाले, “आणि हे बरं शिरलं.”

रबर एका कडेने चिरलेले होते. विनताला ते कधीचे, हे आठवावे लागले. गेल्या मे महिन्यात भोपाळला मुलीच्या घरी उजव्या बाजूचे मधल्या मापाचे रबर हरवले होते. इअरफोनच्या डब्यात लहान मापाची एक जोडी जादा आली होती, ती तिने लावली. दोन्ही कानांत एकाच मापाचे असावे, म्हणून डावीकडचे चांगले असलेले मधल्या मापाचे रबरही तिने काढून टाकले होते. नंतर इअरफोन अधूनमधून सैल वाटत. बोटाने दाबले की बसत. त्याकडे तिने कधी लक्ष दिले नव्हते.

अकराच्या सुमारास ती ऑटोने सदर बाजारात गेली. पहिल्या दोन दुकानांत सुटी रबरे मिळत नव्हती. नवा इअरफोनच घ्या, असे त्यांनी सांगितले. तिसऱ्या दुकानदाराने लष्करी गणवेश शिवणाऱ्या शिंप्याच्या बाजूला बेबीताईंचे दुरुस्तीचे टेबल आहे, तिकडे जायला सांगितले. बेबीताई पन्नाशीच्या होत्या, कपाळावर भिंग बांधलेले, आणि फोनवर कुणाशी तरी मराठीत भांडत होत्या. विनताने मराठीत विचारल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि तिला स्टूल दिले.

त्यांच्याकडे गोळ्यांच्या डबीसारखी खणांची एक प्लास्टिकची पेटी होती. तिच्यात माप आणि नळीच्या जाडीप्रमाणे लावलेली रबरे होती, पांढरी, काळी, काही फोमची. लोक नेहमी एकच हरवतात, त्यामुळे आपण जोडी फोडून विकतो, असे त्यांनी सांगितले. विनताने डाव्या टोकाला राहिलेले लहान रबर दाखवून याच मापाची जोडी मागितली. बेबीताईंनी ते बोटांत धरून पाहिले, मग विनताच्या कानाकडे पाहिले.

“हे तुम्ही घालून राहिल्या होत्या? हे तर लहान पोरीच्या कानाचं आहे, दीदी. काहून घातलं?”

डब्यात होते म्हणून, असे विनताने सांगितले. बेबीताईंनी तीन मापांची रबरे स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि डावीकडे मधले लावून दिले. कानाची पाळी दुसऱ्या हाताने वर-मागे ओढून इअरफोन आत कसा बसवायचा, तेही दाखवले.

“आता तोंड बंद करा आन् हं असं करा. मोठ्यानं. लाजू नका, इथं सगळेच करते.”

विनताने हुंकार दिला. तो डोक्याच्या डाव्या अर्ध्या भागात विहिरीत घुमावा तसा घुमला. उजवीकडे मात्र मधल्या मापानेही काही घुमले नाही. बेबीताईंनी तिकडे मोठे रबर लावले, आणि दुसऱ्या हुंकाराला दोन्ही बाजू सारख्या भरल्या. दोन वेगळी मापे घ्यायला विनता का-कू करू लागली, तेव्हा बेबीताईंनी तिला आपली पावले दाखवली. चपला एकाच मापाच्या मिळतात म्हणून पाय काही सारखे नसतात, असे त्या म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा उजवा अंगठा दरवेळी चपलेबाहेर येतो. मग त्यांनी अगदी सहज जे सांगितले, त्याने विनता स्टुलावर जरा ताठ बसली.

“रबर ढिलं असलं ना, की बेस सगळा बाहेर पळून जाते. कानात फक्त टोचणारा आवाज राहते. लोक येते माझ्याकडे, म्हणते इअरफोन खराब आहे. इअरफोन ठीक असते. रबर चूक असते.”

हे विनताला नवे नव्हते. फट राहिली की जड स्वर आधी निसटतात आणि तीक्ष्ण तेवढे उरतात, हे ती वर्गात शिकवू शकली असती. तरी नऊ महिन्यांत ते तिच्या मनात आले नव्हते. लावून बघा, असे म्हणून बेबीताई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मोबाइलवर सकाळचेच ध्वनिमुद्रण उघडे होते. तिने ते सुरू केले.

बाहेरच्या रस्त्याचा आवाज दूर गेला आणि एका वयस्क पुरुषाचा आवाज आला. छातीतून येणारा, किंचित खरखरीत, ग्रामसभेवरचा धडा वाचणारा. त्यात पोकळपणा नव्हता. ‘सदस्य’, ‘सरपंच’, ‘संमती’ हे शब्द येत आणि इतर शब्दांसारखेच निघून जात. विनताने ते पुन्हा सुरुवातीपासून लावले. बेबीताईंनी लांबूनच विचारले, बसलं का? तिने मान हलवली, दोन्ही रबरे घेतली आणि ऑटोची वाट न पाहता ओमतीच्या दिशेने बरेच अंतर चालत गेली.

दुपारी जेवणानंतर ती पुन्हा टेबलाशी बसली. एका अनुभवावर विसंबायचे नाही, ही तिची सवय होती. जुने उजवे रबर चिरले होते, पण डावे शाबूत होते. म्हणून तिने फक्त डाव्या कानाची तुलना करायचे ठरवले. एकच उतारा आधी जुन्या लहान रबराने, मग नव्याने. क्रमांक नऊच्या बाबतीत फरक स्पष्ट होता. मग तिने शरयूचे ध्वनिमुद्रण काढले. शरयू तिच्याच शाळेत होती, तीस वर्षांची मैत्रीण. तिचा क्रमांक चार होता, पण पहिल्या शब्दालाच ती ओळखू येई. जुन्या रबरातून शरयूचा आवाजही पातळ येत होता. तिचे सकारही तसेच टोचत होते. विनताने कपाटातून सप्टेंबरच्या पत्रकाची प्रत काढली. ‘आवाज’ या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘भरदार, उबदार.’

खोटे तर तिने काही लिहिले नव्हते. शरयूच्या आवाजातले जे त्या नऊ महिन्यांत कानापर्यंत पोचत नव्हते, ते विनता न कळत स्वतःच्या आठवणीतून भरून घेत होती. शरयूला तिने स्टाफरूममध्ये, सत्यनारायणाला, रुग्णालयात, भांडणात, हसताना ऐकले होते. क्रमांक नऊला तिने कुठेच ऐकले नव्हते. त्याच्यासाठी भरून घ्यायला तिच्याजवळ काही नव्हते, आणि त्यालाच ती निःपक्षपातीपणा समजत आली होती.

तिने मे महिन्यापासूनची पत्रके काढून दोन भागांत लावली. ओळखीच्या आवाजांची सतरा होती. त्यांत एकही अस्वीकार नव्हता. अनोळखी आवाजांची सहा होती. पाचांवर अस्वीकार होता. क्रमांक नऊची दोन वगळता उरलेली तीन वेगवेगळ्या तीन माणसांची होती, आणि त्या तिघांनी पुन्हा नमुना पाठवला नव्हता.

चारच्या चहाच्या वेळी चिंतामणींनी काय झाले ते विचारले. तिने सांगितले. इअरफोन मागून घेऊन त्यांनी क्रमांक नऊचे तीनही नमुने थोडे थोडे ऐकले आणि म्हणाले की पहिल्यात हा माणूस कुणाला तरी काहीतरी सांगतो आहे, आणि तिसऱ्यात त्याला कुणीतरी उभे करून बोलायला लावले आहे. विनताने नव्या रबरांनी पहिला नमुना अजून ऐकला नव्हता. तिने ऐकला. ते बरोबर बोलत होते. ऑगस्टचे वाचन मोकळे होते. वाक्य संपत आले की आवाज जरा खाली येऊन थांबे, समोरच्याला समजले की नाही हे पाहत असल्यासारखा. फेब्रुवारीत त्यातले काही उरले नव्हते. प्रत्येक ‘स’ जवळ आला की वाचणारा बिचकत होता. ही त्याची मूळची सवय नव्हती. ती विनताच्या दोन पत्रकांनी त्याला लावली होती.

तिने हेमचंद्रांना फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि नाव सांगितले. गुणवंत; कारखान्यातून निवृत्त झालेला गडी, रांझीला राहतो, मंडळात कधी येत-जात नाही, ग्रंथालयाची माहिती त्याला कुठून मिळाली कोण जाणे. मग ते समजावणीच्या सुरात आले. पत्रक तर अजून कोरे आहे ना? मग अडचण कसली? तिसऱ्या नमुन्यावर ‘स्वीकार’ लिहावे, चार चांगले शब्द लिहावेत. कारण लिहिण्याची गरज नाही. एकदा कारण लिहिले की नऊ महिन्यांची सगळी पत्रके लोक उघडायला लावतील. जे घेतले गेले तेही विचारतील, आम्ही आमच्या आवाजावर आलो की ओळखीवर? पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. दुसरा परीक्षक मिळत नाही.

“विनताताई, तुमच्या शब्दावर हे ग्रंथालय चालून राहिलं. चलो, माणसाचं काम झालं, आपलंही झालं. बात खतम.”

त्यांचे म्हणणे तिला अगदीच चुकीचे वाटले नाही. त्या माणसाला वाचक व्हायचे होते, तो झाला असता. शहरात तिला जी थोडी प्रतिष्ठा होती ती नीट ऐकणारी बाई म्हणूनच होती, आणि वयाच्या साठाव्या वर्षी ती आपल्या हाताने खाली ठेवणे सोपे नव्हते. विचार करते, असे सांगून तिने गुणवंतांचा पत्ता मागून घेतला.

शुक्रवारी दुपारी ती रांझीला गेली. परीक्षक म्हणून आपण आलो आहोत एवढेच सांगायचे, वाचन पुन्हा पहिल्यासारखे मोकळे करा म्हणायचे, आणि निघायचे, असे तिने वाटेत ठरवले होते. गुणवंत बासष्ट वर्षांचे, सडपातळ, इस्त्रीचा सदरा घातलेले होते. बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली एका पलंगावर त्यांचे थोरले भाऊ लहानू बसले होते. शुगरमुळे आठ वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती. तेव्हापासून गुणवंत त्यांना रोज सकाळी पेपर वाचून दाखवत. त्यातूनच मंडळाच्या ग्रंथालयाची गोष्ट निघाली होती. लहानू त्या ग्रंथालयाचे नेहमीचे श्रोते होते.

विनता कोण हे कळल्यावर गुणवंतांनी तिला बसू दिले नाही, आधी आतल्या खोलीत नेऊन कपाट दाखवले. खालच्या फळ्या काढून त्यांनी आत तीन बाजूंनी गोधड्या खिळ्यांवर टांगल्या होत्या. पत्रकात पोकळ असे आले होते, म्हणून आवाज घुमू नये यासाठी ही सोय. आत स्टुलावर बसून, दार ओढून, हातात टॉर्च धरून ते वाचत. पहिला नमुना बाहेरच, पलंगापाशी बसून केला होता, असेही त्यांनी सांगितले, आपलीच चूक कबूल करावी तसे. बाहेरच्या खोलीत परतल्यावर सुनेने चहा आणला. गुणवंत समोर बसले आणि म्हणाले की मॅडमनी एवढे बारकाईने ऐकले, दुसऱ्या कुणी नुसते नाही म्हटले असते.

“तुम्ही दाताचं लिहिलं, ते तर माझ्या ध्यानातच नव्हतं. वरची कवळी जुनी होती. गेल्या महिन्यात नवी केली. अजून टोचते जराशी, पण वाचून राहिलो.”

विनताने कप खाली ठेवला. वाटेत ठरवलेले वाक्य तिला आता म्हणता येईना. ती म्हणाली, “गुणवंतजी, तुमच्या आवाजात दोष नव्हता. माझ्या इअरफोनची रबरं चुकीच्या मापाची होती. मी नऊ महिने अर्धंच ऐकत होते. दोन्ही पत्रकं चूक आहेत.”

गुणवंतांनी जिभेने वरचे दात चाचपल्यासारखे केले.

“म्हणजे दात बरोबर होते?”

“होते.”

पलंगावरून लहानू हसले, पण त्या हसण्यात टोमणा जास्त होता. “मी काय सांगून राहिलो होतो याला? म्हटलं, तू आता वाचून नाही राहिला, परीक्षा देऊन राहिला. माझा पेपरसुद्धा तसाच वाचते. बातमी कोणती आन् जाहिरात कोणती, समजत नाही.” मग त्यांनी चेहरा विनताच्या दिशेला वळवला. “मॅडम, डोळेवाल्यांचं मला माहीत नाही. पण ऐकणारा माणूस मी आहे ना. एकदा मलेही विचारायचं होतं.”

ऐकणाऱ्यांसाठी चाललेल्या त्या ग्रंथालयात कोणता आवाज चालेल हे एकाही ऐकणाऱ्याला कधी विचारलेले नव्हते, ही गोष्ट तिला तिथे, त्या खुर्चीवर बसून, पहिल्यांदा जाणवली. तिने क्षमा मागितली. गुणवंतांनी हात जोडून ती थांबवली. ते रागावले असावेत, पण राग दाखवण्याची त्यांना सवय नसावी. त्यांनी जुनी कवळी फेकली नाही, डबीत ठेवली आहे, असे सांगितले, आणि चहा संपवला. मग त्यांनी विचारले, “आणखी कोणाला नाही म्हटलं होतं, या नऊ महिन्यांत?”

तिघांना, असे विनताने सांगितले.

“मी तर हट्टी माणूस. तीनदा पाठवलं. ते एकदा ऐकून गप बसले असतील. त्यांचं काय करून राहिल्या?”

परत येताना ऑटोत ती याच प्रश्नापाशी होती. हेमचंद्रांच्या म्हणण्याप्रमाणे एका माणसाचे काम होत होते. उरलेले तिघे मात्र आपला आवाजच वाईट आहे असे समजून आपापल्या घरी राहणार होते, आणि त्यांच्यापैकी कुणी कवळी बदलली, कुणी घरात मुलांना गोष्ट वाचून दाखवणे सोडले, हे तिला कधी कळणार नव्हते. ते कळण्याचा एकच रस्ता होता, आणि तो तिच्या पत्रकावरून जात होता.

शनिवारी सकाळी तिने इअरफोन लावले नाहीत. ती पत्रक घेऊन बसली. ‘आवाज’ या रकान्यातला ‘पोकळ’ हा शब्द खोडरबराने न पुसता तिने त्यावर एक रेघ मारली आणि बाजूला सही केली. वाचक क्रमांक नऊ यांना त्यांच्या ऑगस्टमधील पहिल्या नमुन्यावरून स्वीकारावे, असे तिने लिहिले. खाली, जिथे सहसा काही लिहिले जात नसे त्या ‘अन्य’ या जागेत, तिने पाच वाक्ये लिहिली: मे ते फेब्रुवारी परीक्षकाच्या श्रवणसाधनात दोष होता, तो परीक्षकाच्या निष्काळजीपणामुळे लक्षात आला नाही, या काळातले सर्व अस्वीकार रद्द समजावेत, सर्व तेवीस नमुने दुसऱ्या व्यक्तीने, शक्यतो एखाद्या नियमित अंध श्रोत्याने, पुन्हा ऐकावेत, तोपर्यंत आपण परीक्षण करणार नाही. तिने ते चिंतामणींना वाचायला दिले. त्यांनी ‘निष्काळजीपणा’ या शब्दावर बोट ठेवून तिच्याकडे पाहिले. तिने तो शब्द तसाच ठेवला.

बाराला ती मंडळाच्या कचेरीत पोचली. हेमचंद्रांनी पत्रक उभ्यानेच वाचले, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचले.

“सभेत वाचावं लागेल हे.”

“वाचा.”

त्यांनी शाईची गादी जवळ घेतली, तारखेचा शिक्का मारला आणि पत्रक फाइलला लावले. विनताने उरलेल्या तिघांची नावे आणि फोन नंबर मागितले. ते देण्याची पद्धत नव्हती. तरी हेमचंद्रांनी वही तिच्याकडे सरकवली.

बाहेरच्या खोलीत वाचनाच्या लांब टेबलापाशी दोन म्हातारे मासिके चाळत होते. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि पहिला नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग एका बाईने फोन उचलला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. विनताने आपले पूर्ण नाव सांगितले, आपण कोण ते सांगितले, आणि दोन मिनिटे वेळ आहे का, असे विचारले. आहे, असे उत्तर आल्यावर तिने आवाज जरा खाली आणला आणि मे महिन्यापासून सांगायला सुरुवात केली.